कॅम बदलण्याआधी व्हॉल्व्हची मापे घेताना या चुका टाळा

जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडणारा कॅम (उंचवट्यांनी व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) बसवण्यासाठी धुळे, जळगाव, भुसावळकडून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इंजिनांचा कॅम मालकाने आधीच विकत घेतलेला असतो, हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) मात्र खोलून पाहिलेले नसते. पहिली चूक तिथेच होते. हेड किती लिफ्ट पेलेल हे मापांवरून ठरते. त्यामुळे मापे आधी घ्यावीत आणि कॅम नंतर मागवावा.

मापे घेण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. अनेक कारागीर हेड खोलताक्षणी स्प्रिंगची बसती उंची (व्हॉल्व्ह बंद असतानाची) मोजतात आणि सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, कापण्याचे काम नंतर करतात. सीट कापली की व्हॉल्व्ह आणखी आत बसतो, त्याची दांडी स्प्रिंगच्या बाजूने तेवढीच वर येते, तिच्यासोबत स्प्रिंगला वरून धरणारा रिटेनरही वर सरकतो आणि स्प्रिंग सैल पडते. म्हणजे आधी लिहून ठेवलेला आकडा निरुपयोगी ठरतो. गाइड, म्हणजे दांडी जिच्यात सरकते ती नळी, बदलल्यावर तिचा मध्य किंचित सरकतो, त्यामुळे सीट पुन्हा कापावीच लागते. म्हणून आधी गाइड, मग सीट आणि शेवटी स्प्रिंगची उंची, हा क्रम मोडू नये.

गाइडची झीज व्हॉल्व्ह हलवून, हाताच्या अंदाजाने ठरवणे चुकीचे आहे. गाइड दोन्ही टोकांना जास्त झिजते आणि आतून कर्ण्यासारखी होते. म्हणून ती वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावी. दांडीसाठी व्हर्निअर चालत नाही, मायक्रोमीटरच हवा, कारण इथे प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ४० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा भाग २० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०२ मिलिमीटर वाढतो. धुतलेले हेड उन्हात वाळवून लगेच मोजू नये. हेड आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच सावलीत ठेवून सकाळी शून्य तपासावे आणि मगच मापे घ्यावीत.

सर्वाधिक नुकसान स्प्रिंगच्या हिशेबात होते. बसती उंची ३८ मिलिमीटर आहे आणि सगळे वेढे एकमेकांना भिडले की स्प्रिंग २७ मिलिमीटरची होते, असे समजू; म्हणजे हाती ११ मिलिमीटर आहेत. जुन्या कॅमवर व्हॉल्व्ह ८.३ मिलिमीटर उघडत असेल, तर २.७ उरतात. नव्या कॅमचा उंचवटा १ मिलिमीटरने जास्त आणि रॉकरचे (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचे) गुणोत्तर १.५ असेल, तर व्हॉल्व्ह ९.८ मिलिमीटर उघडेल आणि केवळ १.२ उरतील. किमान १.५ मिलिमीटर मोकळे ठेवावेत हा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे ही स्प्रिंग चालणार नाही. दाब कमी भरतो म्हणून तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरची शिम (पातळ चकती) घातली, तर दाब भरून निघतो, पण तोच अर्धा मिलिमीटर या १.२ मधून वजा होतो. हा दुसरा भाग हमखास विसरला जातो. रिटेनरची खालची कड आणि गाइडवरचे ऑइल सील यांमधले अंतरही याच वेळी तपासावे. नुसती मोकळी लांबी मोजून स्प्रिंग चांगली ठरवू नये. बसत्या उंचीवर आणि पूर्ण उघडलेल्या उंचीवर ती किती दाब देते, हे टेस्टरवर पाहावे.

सपाट टॅपेटच्या (कॅमवर घासत चालणाऱ्या सपाट तळाच्या भागाच्या) इंजिनात नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही घालू नयेत.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमधले अंतर अंदाजावर सोडू नये. एकदा पुशरॉडच्या ३५० सीसी मोटारसायकलचे काम घाईचे होते, म्हणून मी ही तपासणी टाळली. किक मारताच आतून टक्क आवाज आला. हेड काढले तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटलेली होती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला होता. तेव्हापासून मी पिस्टनवर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचा थर लावतो, व्हॉल्व्हला तेलाचा हात फिरवतो, वापरायच्याच जाडीची गॅस्केट घालून हेड पूर्ण आवळतो, टॅपेटची फट लावतो आणि क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवतो. मध्येच अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता तिथेच थांबतो. हेड उतरवून माती ब्लेडने उभी कापली की सर्वांत पातळ जागी खरे अंतर मोजता येते. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटरपेक्षा ते कमी भरले, तर कॅम बाजूला ठेवून पिस्टनवरील खाच वाढवता येईल का, हे लेथवाल्याला विचारावे.