डर्टी पाइप: अपडेट झालं, रीस्टार्ट राहिलं

बडोद्यात दांडिया बाजारात माझा छोटा संगणक क्लास आहे. सहा पीसी, सगळ्यांवर लिनक्स, मुलांची खाती वेगवेगळी. मार्च २०२२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे त्याच्या गाभ्यातली, डर्टी पाइप नावाची सुरक्षा-त्रुटी उघड झाली आणि माझी झोपच उडाली. फाइल फक्त वाचायची परवानगी असलेला साधा वापरकर्ताही तिच्यात लिहू शकत होता, आणि त्यातून थेट रूट (संगणकाचा पूर्ण ताबा) मिळवता येत होतं! कर्नल ५.८ पासूनची ही चूक. पाइपच्या (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे डेटा नेणाऱ्या वाटेच्या) बफरमधला एक फ्लॅग, म्हणजे खूण, कोरा करायचा राहिला होता, त्यामुळे लिहिलेलं सरळ पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलच्या मेमरीतल्या प्रतीत, जायचं.

त्याच रात्री सगळीकडे अपडेट टाकले. सकाळी ‘युनेम -आर’ (uname -r, चालू कर्नलचा क्रमांक दाखवणारी आज्ञा) दिलं, तर चार पीसींवर जुनाच कर्नल. नवा डिस्कवर आला होता, पण ते पीसी बंद होऊन पुन्हा सुरूच झाले नव्हते, म्हणून जुनाच चालू होता. उरलेले दोन पहाटे वीज गेल्यामुळे आपोआप नव्यावर आले होते. चौघांना रीस्टार्ट केलं, पुन्हा तपासलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मूळ कर्नलमध्ये दुरुस्ती ५.१०.१०२, ५.१५.२५ आणि ५.१६.११ मध्ये आहे. डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या देणारे) मात्र तीच जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्येही घालतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडून बघा.