चिनी डोईपट्टीचा कायदा आकड्यांतून कसा वाचावा

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात इतिहासाच्या प्रकल्पासाठी न्यूझीलंड वसाहतीचे चिनी स्थलांतरविरोधी कायदे निवडले असतील, तर आधी जहाजाचे टन पाहा, डोईपट्टी (प्रवेशासाठी माणशी घेतलेला कर) नंतर. १८८१ चा नियम: दर १० टनांमागे एकच चिनी उतारू, वर माणशी १० पौंड. १८८८ मध्ये मर्यादा १०० टनांवर गेली. १८९६ मध्ये २०० टनांवर, आणि पट्टी थेट १०० पौंड. १,२०० टनांचं जहाज धरून भागाकार करा: १२०, मग १२, मग ६. खरी कात्री इथेच लागली.

हमखास चूक होते ती टनात. हे वजन नव्हे, जहाजाच्या नोंदणीतलं आकारमान. एक टन म्हणजे १०० घनफूट. मालाचं वजन धरलंत की गणित फसलंच.

शेजारची बंदरंही तपासा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ मध्ये असाच कायदा केला, तेव्हा चिनी लोक दक्षिण ऑस्ट्रेलिया या शेजारच्या वसाहतीतल्या रोब बंदरात उतरून सोन्याच्या खाणींपर्यंत पायी गेले. नुसत्या मेलबर्नच्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या बंदराच्या, नोंदी मोजल्यात तर कायदा भलताच यशस्वी वाटेल!

न्यूझीलंडची डोईपट्टी रद्द झाली १९४४ मध्ये, पण वसुली १९३४ मध्येच थांबली होती. तक्त्यात ही दोन वर्षं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.