माकडतापाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि रॉकफेलर फाउंडेशनने १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, आपल्या बोलण्यातली एनआयव्ही. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली, आणि गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू या संस्थेने शोधला. तोच माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याच्या काजूबागांत आहे.

बीएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालेल्यांना प्रकल्पांवर कंत्राटी जागा निघतात. एमएस्सी विषाणूविज्ञान एनआयव्हीतच करता येतं. पण पीसीआरची, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीची, घाई नको, आधी नमुना घेणं शिका. बिघडलेल्या नमुन्यावर कितीही महागडं यंत्र लावलं तरी उत्तर खरं येत नाही.

गोचिडी पकडायला मीटरभर लांब-रुंद पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून पातेऱ्यावरून (वाळक्या पानांच्या थरावरून), झुडपांवरून सावकाश ओढायचं आणि दर काही पावलांनी उलटून बघायचं. दव सुकल्यावरच निघा, ओल्या कापडावर गोचीड चढत नाही. माणसाला मुख्यतः चावतात ती खसखशीएवढी पिल्लं, नीट न पाहिल्यास सुटतात. फिकट कपडे घाला, पँट मोज्यात खोचा. मेलेल्या माकडाला हात लावू नका. त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरलेल्या असतात. गोचिडी ठेवायच्या अल्कोहोलच्या कुपीत चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, शाई विरघळते.

रुग्णाचं रक्त साध्या ट्यूबमध्ये घेऊन अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम, म्हणजे वरचा पातळ भाग, वेगळं करा. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये टाकलं की तांबड्या पेशी फुटतात. ट्यूब थेट बर्फाला टेकली तरी तेच होतं, म्हणून मध्ये कागद किंवा कापूस हवाच. पुण्याला पोहोचेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो नमुन्यासोबतचा रुग्णाच्या माहितीचा फॉर्म. ‘जंगलात गेला होतात का?’ असं विचारलंत तर बागायतदार ‘नाही’ म्हणेल, कारण काजूची बाग त्याच्या लेखी जंगल नव्हेच. ‘पातेरा गोळा केलात का, काजी (काजूबिया) वेचायला गेलात का, गुरं कुठे चरतात?’ असं विचारा. ताप नेमका कोणत्या दिवशी आला तेही लिहाच. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू पीसीआरमध्ये सापडतो, पुढे आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, शोधावी लागतात. ही तारीख नसेल तर निगेटिव्ह निकालाचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.