झांडव्होर्टचा निरोप: ड्रायव्हर, प्रसिद्धी आणि ट्रॅक यांवरचा वाद नीट कसा घालायचा

२३ ऑगस्ट २०२६, रविवार. डच ग्रां प्री आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होईल, आणि करारानुसार नेदरलँड्समधल्या झांडव्होर्ट या ट्रॅकवरची फॉर्म्युला वनची ती शेवटची शर्यत. चारजण एकत्र बसून बघणार असतील तर वाद होणारच: डच ड्रायव्हर व्हर्स्टॅपन मोठा की त्याची गाडी, नॉरिसचं २०२५चं विजेतेपद कुणामुळे, एवढा जुना ट्रॅक जाऊ कसा देतात. वाद व्हायलाच हवा. तो फसतो तो तीन प्रश्न एकात कालवल्यामुळे. ड्रायव्हर किती वेगवान, तो किती दिसतो, आणि ट्रॅक कशावर जगतो, हे तीन हिशेब वेगळे ठेवायचे.

आधी बसायची सोय. पुण्यात ऑगस्टच्या शेवटी रविवारी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव ऐन रंगात असतो. हॉल नदीपात्राजवळ किंवा मोकळ्या मैदानाशेजारी असेल तर प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर टीम रेडिओ, म्हणजे ड्रायव्हर आणि संघाचं बोलणं, ऐकूच येणार नाही. वेगळा स्पीकर जोडा, खिडक्या लावून घ्या. पावसात वीज गेली तर राऊटर चालू राहायला हवा, म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या आणि एका फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आकड्यांसाठी लाइव्ह टायमिंग (गाड्यांच्या वेळा दाखवणारं पान) दुसऱ्या स्क्रीनवर लावाल, तर ते स्ट्रीमच्या पुढे धावतं. ते एकाच माणसाकडे द्या आणि त्याने चित्र येईपर्यंत गप्प राहायचं. नाहीतर पिट स्टॉप (टायर बदलायचा थांबा) फसल्याची बातमी पडद्याआधी हॉलभर होते आणि सगळी मजा जाते.

गाडी एकच ठेवून मोजा

दोन ड्रायव्हरांची तुलना करायची तर गाडी एकच हवी, म्हणून सुरुवात संघातल्या जोडीदारापासून. शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार हे पात्रता फेरीच्या तीन टप्प्यांत ठरतं. तिचा जो शेवटचा टप्पा दोघांनीही खेळला, त्याचेच आकडे घ्या. एकजण क्यू-टूमध्ये (दुसऱ्या टप्प्यात) बाद झाला आणि दुसऱ्याची क्यू-थ्रीची (तिसऱ्या टप्प्यातली) वेळ त्याच्यासमोर ठेवली, तर तुलना खोटी ठरते, कारण तोवर ट्रॅकवर रबर चढून तो वेगवान झालेला असतो. फरक सेकंदांत न लिहिता टक्क्यांत लिहा. झांडव्होर्टची लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, साधारण ७० सेकंदांची, बेल्जियममधल्या स्पाची साधारण १०० सेकंदांची. त्यामुळे ०.२ सेकंद म्हणजे झांडव्होर्टवर ०.२९ टक्के आणि स्पावर ०.२० टक्के. हंगामातले सगळे फरक चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला आकडा उचला. सरासरी काढली की पिवळ्या झेंड्यामुळे (पुढे धोका असल्याची खूण) वाया गेलेली एकच लॅप अख्खा हंगाम बिघडवते. पावसातली सत्रं वेगळ्या पानावर लिहा.

शर्यतीतला वेग काढणं जास्त कष्टाचं आहे, आणि माणसं चुकतात ती इथेच. पहिली लॅप, पिटमध्ये जातानाची, बाहेर येतानाची आणि सेफ्टी कारखालची (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी), एवढ्या लॅप्स खोडा. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांच्या आत काढलेल्या लॅप्सही खोडा, कारण तिथली ढवळलेली हवा पकड कमी करते आणि टायर तापवते. उरलेल्या लॅप्समध्ये इंधनाचा हिशेब धरा. ढोबळ मानाने १० किलो इंधनाला लॅपमागे ०.३ सेकंद. सरावासाठी २०२५ची झांडव्होर्टची शर्यत घ्या: ७२ लॅप्स, इंधनाची कमाल मर्यादा ११० किलो, म्हणजे लॅपला सुमारे दीड किलो जळतं आणि तेवढ्याने गाडी लॅपमागे ०.०४५ सेकंदाने वेगवान होते. पंधरा लॅप्समध्ये हे पाऊण सेकंदाच्या जवळ जातं. म्हणजे ज्याच्या पंधराच्या पंधरा लॅप्स सारख्याच वेळेत आल्या, त्याचे टायर तेवढेच घसरलेत. ‘कसला सातत्याने चालवतोय’ म्हणण्याआधी हे वजा करा. २०२६च्या नियमांत इंधन बरंच कमी लागतं, तेव्हा यंदासाठी हा आकडा खाली आणावा लागेल.

यंदा झांडव्होर्टला स्प्रिंट आहे, आणि तुलनेसाठी शनिवारची ती छोटी शर्यत रविवारपेक्षा उपयोगी. साधारण १०० किलोमीटर म्हणजे ४.२५९ किलोमीटरच्या ट्रॅकवर २४ लॅप्स, पिट स्टॉपची सक्ती नाही. दोन्ही जोडीदार एकाच रंगाच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या टायरवर असतील तर इतकी सलग आणि स्वच्छ तुलना पुन्हा मिळत नाही. रविवारी डावपेच सगळं झाकून टाकतात.

मॉन्झाचे तीन गुण

डावपेच कसे झाकतात त्याचं उदाहरण हाताशीच आहे. ७ सप्टेंबर २०२५, इटलीतलं मॉन्झा. मॅकलॅरेन संघाचा नॉरिस दुसरा, त्याचा जोडीदार पियास्त्री तिसरा. मॅकलॅरेनने मागच्या पियास्त्रीला आधी पिटमध्ये घेतलं, नंतर नॉरिसचा स्टॉप लांबला आणि पियास्त्री पुढे निघाला. संघाने त्याला जागा परत द्यायला सांगितलं. त्याने रेडिओवर नाराजी सांगितली आणि जागा दिली.

आता वहीत मांडा. दुसऱ्याला १८ गुण, तिसऱ्याला १५. हंगामाअखेर नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपन ४२१, पियास्त्री ४१०. जागा बदलली नसती तर नॉरिस ४२०वर थांबला असता आणि व्हर्स्टॅपन एका गुणाने विजेता ठरला असता. हा हिशेब बरोबर आहे. पण त्यावरून ‘विजेतेपद बहाल केलं’ म्हणणं बरोबर नाही, कारण गुण वेगळे असते तर पुढच्या शर्यतीही वेगळ्या चालवल्या गेल्या असत्या. शिवाय रेडिओच्या क्लिपमध्ये न दिसणारी बाब: पियास्त्रीला आधी आत घेण्याला नॉरिस तयार झाला तो, त्यामुळे आपली जागा जाणार नाही या बोलीवर. म्हणून रेडिओची क्लिप पुढे आली की ठरवून ठेवा: तिच्या आधीच्या दोन लॅप्स पुन्हा बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. प्रसारणात येणारा रेडिओ निवडलेला असतो आणि उशिराने लावलेला असतो.

किती दिसतो, हेही मोजा

एकाला वही द्या. कोणत्याही दहा लॅप्समध्ये पडद्यावर कोणाचं चित्र किती वेळा आलं याच्या रेघा मारायच्या, शेजारी त्याचा क्रमांक लिहायचा. मधल्या फळीत बाराव्या क्रमांकावर जुन्या टायरवर तीन गाड्या रोखून धरणारा ड्रायव्हर कदाचित एकदाही दिसणार नाही. संध्याकाळचा सर्वोत्तम ड्रायव्हर निवडताना ही वही उघडी ठेवा.

गुणतक्तासुद्धा फसवतो. २००५मध्ये इंडियानापोलिसला नारायण कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण मिळाले. त्या दिवशी मिशेलिन टायरच्या चौदा गाड्या माघारी फिरल्या आणि सहाच धावल्या. पहिला भारतीय फॉर्म्युला वन ड्रायव्हर म्हणून त्याचं मोल त्याने कमी होत नाही, मात्र त्याचा वेग जोखायचा असेल तर त्या वर्षीचे इतर रविवार आणि जोडीदाराची वेळच बघावी लागते.

ट्रॅकचा वाद

इथे चार गोष्टी फळ्यावर लिहून घ्या: करार कुठवर, पैसे कोण भरतं, ओव्हरटेक होतं का, आणि फॉर्म्युला वन गेली तर ट्रॅक काय करेल.

झांडव्होर्ट १९४८चा, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधला. १९८५नंतर फॉर्म्युला वन गेली, मूळ ट्रॅकचा मोठा भाग सुट्टीच्या बंगल्यांसाठी गेला, तरी छोट्या शर्यती चालू राहिल्या आणि पुढे ट्रॅक पुन्हा वाढवला. २०२१मध्ये फॉर्म्युला वन परतली ती व्हर्स्टॅपनच्या लाटेवर. तो तिथे २०२१, २०२२ आणि २०२३ असा सलग तीनदा जिंकला. म्हणून ‘स्टार ओसरला म्हणून शर्यत बंद होतेय’ असं म्हणाल तर तारखा आड येतात: निर्णय डिसेंबर २०२४मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो सलग चौथ्यांदा विश्वविजेता होता. आयोजक खासगी, सरकारी आधार नाही, आणि सगळी जोखीम तिकीटविक्रीवर. मैदान भरलेलं असतानाच शर्यत बंद करायचं त्यांनी ठरवलं. आमच्या मते निर्णय दुःखद आहे आणि समजण्यासारखाही.

ओव्हरटेकच्या प्रश्नासाठी एक प्रयोग करा. एक मीटर लांबीची फळी घ्या, एक टोक जमिनीवर टेकवा आणि दुसरं ३१ सेंटिमीटर उचलून विटांवर ठेवा. हा १८ अंशांचा उतार, झांडव्होर्टच्या शेवटच्या वळणाचा. त्यावर खेळण्यातली गाडी आडवी ठेवली की वळण गाडीला कसं कुशीत घेतं ते लहान मुलालाही कळतं. तिथून पूर्ण थ्रॉटलवर सरळपट्टीवर यावं आणि मागच्याला संधी मिळावी, म्हणून हा उतार बांधला. तरीही सरळपट्टी आखूड आणि ट्रॅक अरुंद, त्यामुळे पात्रतेतला क्रमांक तिथे फार मोलाचा.

बाकीचे ट्रॅक याच चार प्रश्नांवर तपासा. स्पाला २०२६, २०२७, २०२९ आणि २०३१ एवढीच वर्षं, म्हणजे आळीपाळी. १९२२चं मॉन्झा २०३१पर्यंत, ब्रिटनमधलं सिल्व्हरस्टोन २०३४पर्यंत. उलट तिथलंच १९०७चं ब्रुकलँड्स १९३९नंतर शर्यतीसाठी उघडलंच नाही. आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तीन शर्यतींत थांबलं. २०११ ते २०१३, तिन्ही जर्मनीचा फेटेल जिंकला. ट्रॅक उत्तम होता, पण उत्तर प्रदेशने शर्यतीला खेळ न मानता मनोरंजन मानून कर लावला आणि गाडं तिथे अडलं. ‘ट्रॅक चांगला आहे, मग टिकेल’ असं कोणी म्हणालं की हे उदाहरण पुढे करा.

पुढच्या बैठका ६ सप्टेंबरला मॉन्झा आणि १३ सप्टेंबरला माद्रिदचा नवा ट्रॅक. १३ला रविवार आहे आणि १४ला गणेश चतुर्थी. सोसायटीचा हॉल त्या संध्याकाळी मखर आणि माळांनी भरलेला असेल, तेव्हा जागा आतापासूनच दुसरीकडे बघून ठेवा.