स्प्रिंट कयाक-कॅनो: पहिल्या मोठ्या स्पर्धेला जाताना

ऑलिंपिकसारख्या बहुक्रीडा स्पर्धेत नवख्या खेळाडूची शर्यत ताकदीपेक्षा जास्त वेळा बोटीच्या बसणीत, सुरुवातीच्या रेषेवर आणि मधल्या 500 मीटरमध्ये हातची जाते. वर्षभर दंड-पाठ घडवणारेही या तीन गोष्टींना सरावात पुरेसा वेळ देत नाहीत, म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

ओळख थोडक्यात. कयाकमध्ये बसून, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने वल्हवायचे. सुकाणू पायाने हलते. कॅनोमध्ये एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूला वल्हे मारायचे आणि सुकाणू नसल्यामुळे प्रत्येक स्ट्रोकच्या शेवटी पाते किंचित वळवून दिशा सांभाळायची. बोटीच्या नावातले के म्हणजे कयाक, सी म्हणजे कॅनो आणि पुढचा आकडा खेळाडूंचा. हा खेळ ऑलिंपिकमध्ये 1936 पासून आहे, पण महिलांची कॅनो शर्यत तिथे टोकियो 2020 मध्ये पहिल्यांदा झाली.

मोठ्या स्पर्धेला अनेक संघ स्वतःची बोट नेत नाहीत, तिथेच भाड्याने घेतात. मॉडेल ओळखीचे असले तरी सीट आणि पावठा (पाय टेकवून रेटायची पट्टी) तुमच्या मापाचा नसतो. म्हणून सरावाच्या बोटीवरची मापे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा: सीटच्या मागच्या कडेपासून पावठ्यापर्यंतचे अंतर, सीटची उंची आणि सीट बोटीच्या पुढच्या टोकापासून किती मागे आहे ते. शक्य असेल तर सीट स्वतःचीच न्या. कॅनोवाल्यांनी गुडघ्याखालचा फोम न्यायलाच हवा. गुडघ्याच्या आकाराने झिजून बसलेला फोम ऐनवेळी दुसरा मिळत नाही.

सीट दोन सेंटिमीटर पुढे गेली तरी बोटीचे टोक पाण्यात घुसते आणि वाऱ्यात दिशा भरकटते. मागे गेली तर शेपूट खाली ओढले जाते. बोट वजनाच्या मानाने मोठी असली की वर तरंगते आणि डुगडुगते. लहान असली तर खोल बसते आणि प्रत्येक स्ट्रोकला पाणी अडवते. पोहोचल्याच्या दिवशी वेगात सराव करू नका. संथ वल्हवत सीट आणि पावठा जुळवण्यातच तो दिवस घालवा, पुढचे सगळे त्यावर उभे असते.

के-1 ची लांबी जास्तीत जास्त 520 सेंटिमीटर आणि वजन कमीत कमी 12 किलो लागते. के-2 ला 18 आणि के-4 ला 30 किलो. हलक्या बोटीत भरीचे वजन टाकायचे तर ते पक्के चिकटवा. शर्यतीनंतर बोट पुन्हा तोलायला बोलावू शकतात आणि कमी भरली तर निकाल रद्द होतो.

सुरुवातीला बोटीचे टोक यांत्रिक गेटमध्ये टेकलेले असते. ‘रेडी, सेट, गो’ झाले की गेट पाण्याखाली पडते. समोरून वारा असेल तर बोट मागे सरकते, म्हणून अगदी हलके वल्हवत टोक टेकवून धरा. ‘सेट’ला पाते पाण्यावर झुलत ठेवू नका, पूर्ण बुडवून ठेवा. पहिले तीन स्ट्रोक जड आणि सावकाश असतात, कारण बोट थांबलेली आहे. घाईत ओढलेले पाते हवा घेऊन येते, पांढरा फेस दिसतो आणि बोट जागची हलत नाही. चौथ्या-पाचव्या स्ट्रोकपासून गती चढवा. आणि रेषेवर वेळेत पोहोचा: उशिरा येणाऱ्यासाठी शर्यत थांबत नाही.

1000 मीटरचा हिशेब 250 च्या चार तुकड्यांत करा. पहिला तुकडा सर्वांचाच वेगवान असतो. नवखा 200 मीटरपर्यंत तीच सुरुवातीची गती धरून ठेवतो आणि 400 च्या आसपास दंड दगडासारखे होतात. मग कमरेतून वळणे थांबते, स्ट्रोक आखूड होतो आणि वल्हे वेगाने फिरत असूनही वेग घटतो. सुरुवात संपली की दोन-तीन मोठे श्वास घेत गती मुद्दाम खाली आणा. के-1 ला मिनिटाला साधारण 100 ते 115 स्ट्रोक टिकवता आले तर चांगले. ज्या बाजूला वल्हे, त्याच बाजूचा पाय पावठ्यावर रेटा. हे सुटले की सगळा भार खांद्यावर येतो.

लेन 9 मीटर रुंद असते. शेजारच्या बोटीच्या लाटेचा फायदा घेणे इथे नियमबाह्य आहे, त्यामुळे लेनच्या मधोमध राहणे हा शिस्तीपेक्षा नियमाचा भाग. आडवा वारा डावीकडे वल्हवणाऱ्याला आणि उजवीकडे वल्हवणाऱ्याला सारखा लागत नाही. कॅनोवाल्यांनी दोन्ही बाजूंच्या वाऱ्यात सराव केलेला असावा. बोट अचानक जड वाटली तर आधी सुकाण्याला शेवाळ अडकले का ते पाहा.

निकाल बोटीच्या टोकावर ठरतो. शेवटच्या स्ट्रोकला पाय रेटून आणि अंग मागे टाकून बोट पुढे ढकलायची, पण तोल सांभाळून. टोक रेषेवर जाण्याआधी तुम्ही पाण्यात पडलात तर बोट पुढे गेलेली धरत नाहीत. ही हालचाल दमलेल्या अवस्थेत जमली पाहिजे, म्हणून ती ताज्या दमाने नव्हे, तर प्रत्येक कठीण सरावाच्या शेवटच्या फेरीत करा.