नागपूरकराने छोट्या बेटावर महिनाभर राहायचे असेल तर

छोट्या बेटावर जाऊन राहावे असे नागपूरकराला वाटते, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकांत असतो, आणि नेमकी तीच कल्पना प्रथम बाजूला ठेवावी लागते. ज्या गावाला एकच धक्का, एकच बाजार आणि मोजकी किराणा दुकाने असतात, तिथे नागपूरच्या महाल किंवा इतवारी या वस्त्यांपेक्षाही माणसे एकमेकांच्या अधिक नजरेत राहतात. सकाळी ज्याच्याशी वाजले, तोच संध्याकाळच्या बोटीत शेजारी बसतो, त्यामुळे भांडण फार ताणता येत नाही. माझ्या मते बेटावरच्या जगण्याची टिकाऊ गोडी या परस्परांच्या गरजेत आहे. समुद्राची नवलाई आठवड्याभरात ओसरते. म्हणून सलग महिनाभर राहण्याची तयारी असेल, तरच पुढचा खटाटोप करावा.

पहिल्या अनुभवासाठी गोव्यातील मांडवी नदीतले दिवाडी बेट सोयीचे आहे. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने काही मिनिटांत तिथे पोहोचता येते, मराठी समजली जाते, आणि जमले नाही तर परतणे सोपे असते. (गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचे दैवत सप्तकोटीश्वर मुळात याच बेटावर होते; पोर्तुगीजांच्या छळानंतर ते नदीपलीकडे नार्व्याला गेले आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. दिवाडीला राहणाऱ्याने नार्व्याची फेरी चुकवू नये.) लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी केवळ १० बेटांवर वस्ती आहे आणि तिथे जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, दीर्घ मुक्कामाची सुरुवात तिथून करू नये.

खऱ्या अर्थाने दूरचे बेट हवे असल्यास अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील, पाहावे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांनी ते वसवले, आजही तिथे भाजीपाला मोठ्या प्रमाणात पिकतो, आणि हिंदीवर सारे व्यवहार चालतात. घरून काम करणाऱ्याने मात्र इंटरनेटची चौकशी आधी करावी. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली व ती स्वराज द्वीप, लाँग आयलंड अशा काही बेटांपर्यंत पोहोचली, तरी प्रत्येक बेटावर सारखा वेग मिळेल असे गृहीत धरू नये. घड्याळ आपलेच असले तरी अंदमान नागपूरच्या बरेच पूर्वेला आहे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि रात्री साडेनऊला जेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सवय लावून घ्यावी लागते.

हॉटेलऐवजी एखाद्या कुटुंबाच्या घरातील खोली भाड्याने घ्यावी. साखर, तेल, साबण नागपूरहून बांधून नेऊ नये. गावातल्याच दुकानातून उधारी न करता घ्यावे, कारण ओळखीची सुरुवात त्याच फळीपाशी होते. मोठ्या गावी जाणार असाल, तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी विचारावे की औषध, गॅसची नळी, शाळेची वही असे काही आणायचे आहे का. या एका प्रश्नाने जितकी दारे उघडतात, तितकी महागड्या भेटवस्तूंनी उघडत नाहीत. ऐकलेली गोष्ट मात्र पुढे सांगू नये. बेटावर ती बोलणाऱ्याच्या आधी घरी पोहोचते.

नियमित औषधांचा दीड महिन्याचा साठा आणि पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवावी. लहान बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात, पण गंभीर रुग्णाला बोटीने हलवावे लागते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. शक्य झाल्यास मुक्कामाचे काही दिवस पावसाळ्यात यावेत असे पाहावे. पर्यटक पांगलेले, बोट रद्द झालेली, भाज्या महागलेल्या आणि तरीही शेजारी मासळीची वाटी घेऊन दारात उभा, असे दिवस पाहिल्यावरच इथे कायम राहावे की नाही हे ठरवता येते. परतीचे विमान मात्र बोटीच्याच दिवसाचे कधीही काढू नये; मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण खवळलेल्या समुद्रापुढे तिकिटाचे काही चालत नाही.