कॅश लावायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

कॅश म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारा डेटा पटकन मिळावा म्हणून जवळ ठेवलेली त्याची प्रत. ती लावायची तर सगळ्यात आधी मोजा. प्रोग्राम स्लो वाटतोय म्हणून लगेच कॅश टाकायला धावू नका, प्रोफायलर (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते मोजणारं टूल) चालवून वेळ नक्की कुठे जातोय ते बघा, कारण कितीतरी वेळा डेटाबेसच्या टेबलला एक इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकला की क्वेरी पळायला लागते आणि कॅशची गरजच उरत नाही. ढोबळ आकडे डोक्यात असू द्या: रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद, चांगल्या एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंदच्या आसपास, आणि फिरत्या हार्डडिस्कला तर नुसती जागा शोधायलाच ५ ते १० मिलिसेकंद. आणि हो, लिनक्सवर एकदा वाचलेली फाइल कर्नल स्वतःहून रॅममध्ये धरून ठेवतो, त्यामुळे तीच टेस्ट दुसऱ्यांदा मारली की डिस्क उगाच फास्ट वाटते. पहिल्या रनचा आकडा वेगळा लिहून ठेवा.

मग एकच प्रश्न, पण त्याचं उत्तर कोडच्या आधी लिहून हवं: हा डेटा किती जुना असला तर चालेल? देशांची यादी दिवसभर जुनी असली तरी कोणाचं काही बिघडत नाही, खात्यातली शिल्लक मात्र पैसे कापायच्या क्षणी ताजीच लागते. हे आपण आपलं ठरवू नका, जो तो डेटा रोज वापरतो त्याला विचारा, टीटीएल (एंट्री किती वेळ चालवायची ती मुदत) त्याच्या उत्तरातून काढा. शिवाय डेटा बदलला की जुनी एंट्री कोण उडवणार? बदल होतात त्या सगळ्या जागा शोधून काढा, म्हणजे ॲडमिन स्क्रीन, रात्रीचा जॉब, आणि कोणीतरी थेट डेटाबेसवर हाताने मारलेली अपडेट क्वेरी, ही शेवटची हमखास राहून जाते.

कीमध्ये, म्हणजे ज्या नावाने एंट्री कॅशमध्ये ठेवतो आणि शोधतो त्यात, काय काय घालायचं ते नीट बघा. उत्तर ज्या ज्या गोष्टीने बदलतं ती प्रत्येक गोष्ट कीमध्ये पाहिजे, युजर, भाषा, परवानग्या, सगळं. युजर आयडी राहिला तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो, आणि यापेक्षा वाईट बग नाही.

कॅशमधून बाहेर काय देताय तेही तपासा. पायथनच्या एलआरयू-कॅश डेकोरेटरने (फंक्शनचं उत्तर आपोआप लक्षात ठेवणारी सोय) मी एकदा विभागांची यादी कॅश केली होती, आणि एका स्क्रीनवर ड्रॉपडाउनसाठी त्याच यादीच्या शेवटी ‘सर्व’ असा पर्याय ॲपेंड होत होता. कॅश कॉपी देत नाही, तोच ऑब्जेक्ट देते, त्यामुळे पेज उघडलं की दर वेळी एक ‘सर्व’ वाढायचा, संध्याकाळपर्यंत नऊ झाले, आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं नीट, म्हणून दोन दिवस कोणाला कळेचना की होतंय काय. टपल (बदलता न येणारी यादी) द्या, नाहीतर कॉपी द्या.

मेमरीला मर्यादा घाला. त्या डेकोरेटरची डिफॉल्ट मर्यादा १२८ एंट्रींची आहे, पण मॅक्ससाइझ (मर्यादेचं सेटिंग) नन, म्हणजे ‘काही नाही’, दिलं की कॅश कितीही वाढते. ६४-बिट मशीनवर रेडिसला (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर, कॅशसाठी वापरतात) डिफॉल्टने मर्यादाच नसते, आणि नुसती मर्यादा घालून जुनं काढायची पॉलिसी बदलली नाही तर जागा भरल्यावर ते जुनं काढत नाही, नवीन लिहायला गेलं की एरर देतं. वर्कर प्रोसेस (सर्व्हरवर एकाच वेळी चालणाऱ्या त्याच प्रोग्रामच्या प्रती) किती आहेत तेही मोजा, प्रोसेसच्या आतली कॅश प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून २०० एमबीची कॅश ८ वर्करमध्ये १.६ जीबी होते.

डिस्कवर ठेवणार असाल तर फाइल थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये टेम्पररी नावाने लिहा आणि पूर्ण झाली की रीनेम करा, म्हणजे मध्येच प्रोसेस मेली तरी अर्धवट फाइल कोणी वाचणार नाही. फाइलच्या नावात फॉरमॅटचा व्हर्जन नंबर घाला. लिनक्सवर जागा म्हणजे होम फोल्डरमधलं डॉट-कॅश, अँड्रॉइडवर ॲपचं कॅश फोल्डर, आणि जागा कमी पडली की अँड्रॉइड ते न विचारता साफ करतं, तेव्हा पुन्हा मिळणार नाही असं काही तिथे ठेवू नका.

हजार एंट्रींना एकच टीटीएल दिलात तर त्या एकाच सेकंदाला संपतात आणि सगळा लोड डेटाबेसवर येऊन आदळतो, म्हणून टीटीएलमध्ये थोडी रँडम भर घाला आणि एका कीसाठी एका वेळी एकाच रिक्वेस्टला रिफ्रेश करू द्या.

कॅश बंद करायचं सेटिंग पहिल्या दिवसापासून ठेवा, हिट-मिसचे (कॅशमध्ये किती वेळा सापडलं, किती वेळा नाही) काउंटर लॉगमध्ये जाऊ द्या. आणि रिलीजच्या आधी प्रोग्राम चालू असतानाच कॅशचं फोल्डर सरळ डिलीट करून बघा, प्रोग्राम थोडा हळू झाला तर ठीक आहे, क्रॅश झाला तर रिलीज थांबवा.